एका गोगलगाईचा इतिहास

“गोगलगाय नि पोटांत पाय” ही म्हण मराठी घरांत केव्हां ना केव्हां ऐकूं येतेच. वरून गरीब दिसणारा पण आंतून कावेबाज असा जो मनुष्य, त्याला ती लावतात. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर ही म्हण अक्षरशः खरी आहे. या प्राण्याच्या पोटाचा खालचा भाग हाच त्याचा पाय होय, आणि म्हणूनच शास्त्रज्ञांनीं त्याच्या वर्गाला उदरपाद असें नांव दिलें आहे. मृगाच्या सरी सुरू झाल्या कीं रत्नागिरीच्या आगरांतून हा जीव दिसूं लागतो. जांभ्या दगडाच्या गडग्यावर, पोफळीच्या बुंध्यावर, शेवाळलेल्या पायरीवर त्याची चकचकीत रेघ उमटते. पाऊस सरला म्हणजे तो कोठें जातो, याची चौकशी कोणी करीत नाहीं. अशा नगण्य जीवालाही इतिहास असतो, आणि त्या इतिहासांत राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकेच प्रमाद, पश्चात्ताप व चिकाटीचे प्रयत्न असूं शकतात. पॅसिफिक महासागरांतील वृक्षगोगलगाईची हकीकत ही त्यापैकींच एक आहे. तिचा एक धागा आपल्या देशांतूनही गेलेला आहे.

ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका यांच्या दरम्यान पसरलेल्या अफाट सागरांत सोसायटी बेटें या नांवाचा एक द्वीपसमूह असून तो आज फ्रेंच पॉलिनेशिया या प्रदेशांत मोडतो. ताहिती हें त्यांतील सर्वांत मोठें बेट. त्याच्या पश्चिमेस सुमारें १७ किलोमीटरवर मूरेआ हें बेट आहे. मूरेआचें क्षेत्रफळ १३४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान तालुक्याहूनही कमी. हवा कोंकणासारखीच उष्ण व दमट. माड, केळ आणि नीरफणस हीं झाडें तेथेंही घरोघर दिसतात. हीं बेटें ज्वालामुखीच्या उद्रेकांतून समुद्राबाहेर आलीं. कोणत्याही खंडाशीं तीं केव्हांही जोडलेलीं नव्हतीं. त्यामुळें मनुष्य येण्यापूर्वीं तेथें जो जीव पोंचला, तो वाऱ्याबरोबर, लाटांवरून किंवा पक्ष्यांच्या अंगाला चिकटून पोंचला. जे थोडे आले त्यांना शत्रूही थोडेच होते.

या बेटांच्या रानांत पार्टुला नांवाची गोगलगाय राहत असे. बोटाच्या पेराएवढा तिचा शंख. तो कोठें पिवळट, कोठें तपकिरी, तर कोठें पट्ट्यापट्ट्यांचा. दिवसा पानाच्या पाठीला चिकटून स्वस्थ बसावें आणि रात्रीं ओल पडली म्हणजे बाहेर निघून पानांवरचें शेवाळ, बुरशी व कुजका पाला खावा, हा तिचा नित्यक्रम. उभ्या पिकाला तिच्यापासून कांहीं उपद्रव नव्हता. ती अंडीं घालीत नाहीं; तिला एका वेळीं एकच जिवंत पिलूं होतें. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे, कारण पुढील अनर्थाशीं तिचा निकट संबंध आहे. कॅप्टन कुक याचें एंडेव्हर जहाज १७६९ सालीं या भागांत आलें, त्या वेळीं रायातेआ बेटावरील या वंशाची एक जात युरोपियनांच्या हातीं प्रथम लागली. बेटांवरचे लोक तर तिला पूर्वींपासून ओळखत होते. तिचे शंख ओवून ते गळ्यांत घालावयाच्या माळा करीत.

गोगलगाय जन्मभर फार दूर जात नाहीं. एका दरींतील कुळाची दुसऱ्या दरींतील कुळाशीं गांठ पडत नाहीं, आणि हजारों वर्षें लोटलीं म्हणजे दोन्ही कुळें रंगानें, आकारानें व वळणानें निराळीं होतात. एका जातीपासून अनेक जाती कशा उत्पन्न होतात, हें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर अशा बेटासारखी दुसरी प्रयोगशाळा नाहीं. हेन्री एडवर्ड क्रॅम्प्टन या अमेरिकन शास्त्रज्ञानें हें ओळखलें. १९०६ सालीं त्यानें पॅसिफिकची पहिली सफर केली आणि पुढें जवळजवळ अर्धें शतक याच एका प्राण्याच्या अभ्यासाला वाहिलें. दऱ्यादऱ्यांतून शंख गोळा करावे, त्यांचीं मापें घ्यावीं, नोंदी कराव्या, हें काम त्यानें असाधारण चिकाटीनें केलें. त्याचे मोठे ग्रंथ १९१६, १९२५ आणि १९३२ या सालीं प्रसिद्ध झाले. त्याच्यामागून ब्रायन क्लार्क, जेम्स मरे व मायकेल जॉन्सन या अभ्यासकांनीं तें कार्य पुढें चालविलें. मूरेआवरील एका जातींत कांहीं शंख डावीकडे वळणारे तर कांहीं उजवीकडे वळणारे सांपडत. ज्या देशांत दक्षिणावर्त शंखाला देवघरांत मानाची जागा आहे, त्या देशांतील माणसाला शंखाच्या वळणाचें नवल सांगावयास नको. तेथें मात्र त्या वळणाचा अर्थ शास्त्रीय होता: भिन्न वळणाच्या गोगलगाईंचा परस्परांशीं संकर सहसा होत नाहीं, आणि जाती वेगळ्या राहण्यास त्यामुळें मदत होते.

क्रॅम्प्टनच्या मोजमापांवर पुढची पिढी नवा मजला चढवीत होती, तोंच दुसरीकडे एक निराळीच घटनामालिका बेटाच्या दिशेनें सरकत होती. तिचा आरंभ आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर झाला. तेथील मूठभर आकाराची थोरली गोगलगाय माणसाच्या हातून मादागास्कर व मॉरिशस या बेटांत पोंचली. बेन्सन नांवाच्या शंखशिंपल्यांच्या एका इंग्रज अभ्यासकानें १८४७ सालीं ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि चौरंगी भागांतील एका बागेंत ती सोडण्यांत आली. हौसेखातर केलेली ती गोष्ट असावी. पण त्या बागेच्या भिंतीनें तिला अडविलें नाहीं. एका वेळीं शंभराहून अधिक अंडीं घालणारा तो प्राणी बंगालमधून चहूंकडे पसरला. विसाव्या शतकांत ती पूर्वेकडील देश व पॅसिफिकमधील बेटें व्यापीत गेली. कोठें खाण्यासाठीं, कोठें औषधासाठीं, तर कोठें मालाबरोबर नकळत, पण नेली ती माणसानेंच. १९६७ सालीं ती ताहितीस पोंचली.

ताहितीच्या बागाईतदारांवर तेव्हां आलेलें संकट खोटें नव्हतें. भाजीपाला, फुलझाडें, केळीचे कोंब, जें कोंवळें तें ती फस्त करी. रात्रीं रस्त्यांवर तिचे थवे पसरत. तक्रारी वाढल्या आणि शेतकी खात्याला कांहीं तरी करणें भाग पडलें. विष घालणें खर्चाचें व धोक्याचें. हातानें वेंचणें कष्टाचें. तेव्हां ‘कांट्यानें कांटा काढावा’ हा मार्ग सोपा वाटला. अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतांत एक मांसाहारी गोगलगाय आहे. इतर गोगलगाईंच्या ओलसर रेघेचा माग काढीत ती जाते व सांपडेल तिला खाते. आफ्रिकन गोगलगाय मारण्यासाठीं हिला हवाई बेटांत १९५५ सालीं आणण्यांत आलें होतें. तोच धडा ताहितीनें १९७४ सालीं गिरविला आणि मूरेआनें १९७७ सालीं.

परिणाम उलटा झाला. मूठभर आकाराच्या टणक शंखापेक्षां पेराएवढी नाजूक पार्टुला तिला सोपी पडली. ती झाडावरही चढते, त्यामुळें पानामागें लपून राहण्याचा उपयोग झाला नाहीं. मूरेआवर ती वर्षाला सुमारें १.२ किलोमीटर या गतीनें पुढें सरकत गेली, आणि जेथून ती गेली तेथें मागें रिकामे शंख पडून राहिले. क्लार्क, मरे व जॉन्सन यांनीं ही रेषा नकाशावर आंखली आणि १९८४ सालीं जगापुढें धोक्याचा इशारा मांडला. पण तोंपर्यंत बराच उशीर झाला होता. मूरेआवर पार्टुलाच्या सात जाती होत्या. १९८७ सालीं शोध घेतला तेव्हां त्यांपैकीं एकही रानांत आढळली नाहीं. दहा वर्षें पुरलीं. पुढें तो वैरी रायातेआसारख्या इतर बेटांतही पोंचला. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लेखांत सोसायटी बेटांचा हिशेब मांडण्यांत आला: वृक्षगोगलगाईंच्या ६१ जातींपैकीं रानांत ५ उरल्या. ज्या आफ्रिकन गोगलगाईचा नाश करावयाचा होता, ती मात्र नाहींशी झाली नाहीं.

इतक्या झपाट्यानें हा नाश कां झाला, याचें उत्तर वर सांगितलेल्या एका पिलांत आहे. ज्याला शेंकड्यांनीं संतति होते, त्याचे नव्वद गेले तरी दहांपासून वंश पुन्हां वाढतो. ज्याला एका वेळीं एकच पिलूं होतें, त्याला नुकसान भरून काढण्यास अवसर लागतो. आणि तो अवसर त्याला कोणी दिला नाहीं. शिवाय ज्या बेटावर असा वैरी कधीं नव्हता, तेथें त्यापासून पळावें किंवा लपावें कसें, हें त्या जीवाला कोण शिकविणार?

हा प्रमाद जगांत पहिला नव्हता. आपल्या परिचयाचा मुंगूस याची साक्ष देईल. उंसाच्या मळ्यांतील उंदीर मारण्यासाठीं १८७२ सालीं हिंदुस्थानांतून नऊ मुंगुसें जमेका बेटांत नेण्यांत आलीं. त्यांच्या वंशजांना १८८३ सालीं हवाई बेटांत नेलें. उंदीर फिरतो रात्रीं आणि मुंगूस फिरतो दिवसा. तेव्हां पुष्कळशा उंदरांची व त्याची गांठच पडली नाहीं. त्यानें जमिनीवर घरटीं करणारे पक्षी व त्यांचीं अंडीं खाल्लीं. कोंकणांत जो मुंगूस सापाचा वैरी म्हणून घरच्यासारखा वावरतो, तोच परक्या बेटांत आपत्ति ठरला. दोष मुंगुसाचा नव्हे, तसाच फ्लॉरिडाच्या गोगलगाईचाही नव्हे. प्राणी आपल्या स्वभावाप्रमाणें वागतो. त्याला दुसऱ्या भूमींत नेण्यापूर्वीं तेथें आधींपासून कोण राहतें, हें पाहण्याचें काम माणसाचें असतें.

या इतिहासाचा उत्तरार्ध मात्र निराळा आहे. रानांत पार्टुला संपत असतांना अभ्यासकांनीं हातीं लागल्या तेवढ्या जिवंत गोगलगाई उचलून इंग्लंड, अमेरिका व जर्सी बेट येथें नेल्या. कित्येक जातींच्या अवघ्या मोजक्या व्यक्ति उरल्या होत्या. विद्यापीठें व प्राणिसंग्रहालयें यांनीं त्या आपसांत वांटून घेतल्या आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या देखरेखीखालीं एक आंतरराष्ट्रीय योजना सुरू झाली. हत्ती किंवा वाघ पाहावयास जशी झुंबड उडते, तशी या प्राण्याभोंवतीं कोठून उडणार? लहानशा डब्यांत ओलसर कागद घालावा, ओटचें पीठ, वाळलेल्या पाल्याची पूड आणि शंख बळकट व्हावा म्हणून वैद्य ज्याला समुद्रफेन म्हणतात त्याची पूड द्यावी, डबे स्वच्छ ठेवावे, पिलें मोजावीं आणि नोंद करावी, असें हें काम. वर्षानुवर्षें, दररोज, तेंच.

त्यांतही अपयश आलें. रायातेआवरील पार्टुला टर्जिडा या जातीची शेवटची गोगलगाय १९९६ सालच्या जानेवारींत लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत एका सूक्ष्म परोपजीवी जंतूच्या बाधेनें मेली, आणि ती जात पृथ्वीवरून गेली. कुकच्या सफरींत जी जात प्रथम मिळाली होती, तिची शेवटची गोगलगाय २०१६ सालीं एडिंबरो येथें मेली. १७६९ सालीं युरोपला जिची ओळख झाली, तिचा निरोप अडीचशें वर्षांच्या आंतच घ्यावा लागला. १९९४ सालीं मूरेआवर विजेचें कुंपण व मिठाचा चर यांनीं वेढलेला एक लहानसा भूभाग तयार करून त्यांत कांहीं गोगलगाई सोडून पाहिल्या. पण वैरी आंत शिरलाच.

तथापि रानानेंही एक उत्तर राखून ठेवलें होतें. ताहितीच्या दऱ्यांत पांढुरक्या शंखाची पार्टुला हायलिना ही जात वांचलेली आढळली. तिच्या शंखावरून सूर्यप्रकाश परावृत्त होतो, म्हणून रानाच्या कडेला, जेथें उन्हाचा कवडसा पडतो, तेथें ती तग धरूं शकते. फ्लॉरिडाच्या गोगलगाईला तेवढें ऊन सोसत नाहीं. तांदळाच्या दाण्याहून फार मोठीं नसलेलीं यंत्रें लावून शास्त्रज्ञांनीं हा प्रकाश मोजला, आणि २०२१ सालीं तें संशोधन प्रसिद्ध झालें. म्हणजे रानाची कडा तुटली, तर या जातीचें आश्रयस्थानच तुटणार, हेंही त्यावरून उघड झालें.

इकडे डब्यांतील वंश वाढत होता. २०१५ सालापासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या गोगलगाई विमानानें परत नेऊन त्यांच्या मूळ बेटांत सोडण्यास प्रारंभ झाला. रात्रीं विजेरीच्या प्रकाशांत पुन्हां ओळखूं याव्यात म्हणून प्रत्येकीच्या शंखावर चमकणाऱ्या रंगाचा एक ठिपका देतात. २०२३ सालीं लंडन, ब्रिस्टॉल, एडिंबरो, सेंट लुई, डेट्रॉइट, रीगा इत्यादि ठिकाणीं वाढविलेल्या पांच हजारांहून अधिक गोगलगाई ताहिती व मूरेआ येथें सोडण्यांत आल्या. आणि २०२४ सालीं मूरेआच्या रानांत पार्टुला टोहिव्हेआना या जातीच्या कांहीं पूर्ण वाढलेल्या गोगलगाई सांपडल्या. त्यांच्या शंखावर ठिपका नव्हता. ठिपका नाहीं याचा अर्थ, त्या कोणत्याही डब्यांत नव्हे तर झाडावर जन्मल्या होत्या. ‘रानांतून नष्ट’ या यादींतून त्या जातीचें नांव काढून ‘अत्यंत संकटग्रस्त’ या यादींत तें घालण्यांत आलें. संकटग्रस्त म्हणवून घेणें ही प्रगति ठरावी, अशी उदाहरणें थोडींच आहेत.

या सर्वांतून रत्नागिरीनें काय घ्यावें? १८४७ सालीं कलकत्त्याच्या बागेंत सुटलेला प्राणी आज महाराष्ट्राच्या शेतांतही आहे. २०२२ च्या खरिपांत लातूर, बीड व धाराशिव या जिल्ह्यांत शंखी गोगलगाईंनीं सोयाबीनचीं कोंवळीं रोपें खाल्लीं आणि कित्येक शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. जिथें संकट येतें तिथें झटपट उपायाची मागणी येते, आणि तें स्वाभाविक आहे. सायंकाळीं व पहाटे गोगलगाई हातानें वेंचून मिठाच्या अगर साबणाच्या पाण्यांत टाकाव्या, बांध स्वच्छ ठेवावे, हा उपाय कष्टाचा आहे. पण त्यांत निरपराध जीव मरत नाहीं. उद्यां कोणी परदेशांतून एखादा भक्षक आणून सोडण्याची सूचना करील, तर तिला उत्तर म्हणून मूरेआचें नांव सांगावें.

कारण सह्याद्रीलाही स्वतःच्या गोगलगाई आहेत. १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांत मोडणाऱ्या आणि आज सिंधुदुर्गांत असलेल्या आंबोलीहून, अंगाच्या मानानें अगदीं लहान शंख असलेल्या अर्धकवची गोगलगाईची एक नवी जात २०२१ सालीं शास्त्रज्ञांनीं नोंदली. ‘आंबोलीएन्सिस’ असें गांवाचेंच नांव तिला मिळालें. पिढ्यान्‌पिढ्या पावसांत लोकांच्या पायांखालून जाणाऱ्या जीवाला नांव मिळावयास इतका काळ लागला. नांव मिळण्यापूर्वींच जे गेले असतील, त्यांची गणति कोणत्याही पुस्तकांत नाहीं.

कोंकणांत समुद्रानें वेढलेलीं बेटें थोडीं. पण दुसऱ्या प्रकारचीं पुष्कळ आहेत. रत्नागिरी जिल्ह्यांतील बहुतेक रान खाजगी मालकीचें आहे. तें तुटतें, तेथें बाग होते किंवा उघडा कातळ राहतो, आणि मध्यें ग्रामदेवतेची राई तेवढी उभी असते. चहूंकडे ऊन आणि मध्यें गर्द सांवली. गोगलगाईसारख्या ओलाव्यावर जगणाऱ्या जीवाला तो उघडा माळ समुद्राइतकाच दुस्तर. अशी देवराई हें एक बेटच होय. देवाच्या धाकानें जिची फांदीही कोणी तोडली नाहीं, ती सभामंडपाच्या लांकडासाठीं किंवा रस्त्यासाठीं तोडावयाची वेळ आली, तर मोजणी झाडांची होते. झाडावरच्या जीवांची होत नाहीं.

चिकाटीचा गुण या जिल्ह्याला परका नाहीं. मंडणगड तालुक्यांतील वेळास येथें समुद्रकांसवांचीं अंडीं एके काळीं सर्रास उकरून नेत. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साहाय्यानें तीं राखावयास आरंभ केला, आणि आज त्याच गांवचे लोक पहाटे किनाऱ्यावर उभे राहून पिलांना समुद्रांत जातांना पाहतात. कांसव मोठें आहे, त्याची वाट पाहणारे पुष्कळ आहेत. पोफळीच्या बुंध्यावरच्या लहानशा शंखाची वाट कोणी पाहत नाहीं. पुढच्या मृगांत तो दिसला, तर पिकाला खाणारी परकी थोरली गोगलगाय आणि शेवाळ खाणारी इथलीच धाकटी, यांतील फरक ओळखून मगच हात उचलावा. ताहितीच्या लोकांना एवढा फरक वेळेवर कोणी सांगितला असता, तर डब्यांतल्या पिढ्यांची राखण करण्याची पाळी आली नसती.